इंग्लंडमध्ये घरच्या पेशंटसाठी ‘जस्ट इन केस’ औषधं लिहिताना: नर्स प्रिस्क्रायबरसाठी टप्प्याटप्प्याने

घरात ‘जस्ट इन केस’ औषधांचा, म्हणजे शेवटच्या दिवसांत लागलीच तर म्हणून आगाऊ आणून ठेवलेल्या औषधांचा, डबा आहे, डब्यात मॉर्फिनच्या दहा अँप्युल आहेत, पेशंट वेदनेने कण्हतोय, आणि रात्रपाळीची नर्स काहीच देऊ शकत नाही, कारण डोस लिहिलेला चार्ट घरात नाही. इंग्लंडमध्ये डिस्ट्रिक्ट नर्सिंगमध्ये किंवा कम्युनिटी पॅलिएटिव्ह टीममध्ये (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी टीम) काम करणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. नुकतंच व्ही ३०० (नर्सला स्वतः औषधं लिहिता येण्यासाठीचा कोर्स) पूर्ण केलेल्या नर्सना औषधं माहीत असतात, डोस पाठ असतात. गडबड होते ती क्रमात. आधी प्रिस्क्रिप्शन, मग बाकीचं, असं केलं की कुठेतरी एक दुवा सुटतो आणि तो नेमका शनिवारी रात्री सापडतो.

खालची पद्धत इंग्लंडमधली आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये फॉर्म आणि चार्ट वेगळे. डोस प्रौढांचे आणि सुरुवातीचे आहेत. तुमच्या ट्रस्टची (तुम्ही काम करता त्या एनएचएस संस्थेची) मार्गदर्शिका वेगळं सांगत असेल तर ती पाळा.

## १. सही करण्याआधी: तुम्हाला हे लिहिता येतं का?

व्ही १०० किंवा व्ही १५० या मर्यादित पात्रता असलेल्या नर्सना फक्त नर्स प्रिस्क्रायबर्स फॉर्म्युलरीतलं लिहिता येतं. मॉर्फिन, मिडाझोलाम त्यात बसत नाही. व्ही ३०० झालेल्या नर्स इंडिपेंडंट प्रिस्क्रायबरला मात्र २३ एप्रिल २०१२ पासून शेड्यूल २ ते ५ मधली (कायद्याने ठरवलेल्या गटांतली) नियंत्रित औषधं लिहिता येतात. अपवाद एकच: व्यसनाच्या उपचारासाठी डायमॉर्फिन, कोकेन आणि डिपिपॅनोन.

पण एनएमसीच्या (नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीत नावापुढे शेरा आला म्हणजे काम झालं असं नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या बघा.

- तुमच्या नोकरीच्या कामाच्या व्याप्तीत शेवटच्या दिवसांतली औषधं लिहिणं आहे का? मालकाची लेखी मान्यता लागते.
- प्रिस्क्रिप्शनवर छापलेला संस्थेचा कोड सध्याच्या टीमचा आहे का? टीम बदलल्यावर हा कोड जुनाच राहिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.
- या पेशंटच्या आजारात तुमची स्वतःची तयारी आहे का? कॅन्सरमध्ये हात बसलेला असेल, पण समोर किडनी निकामी झालेला माणूस असेल, तर लिहिण्याआधी हॉस्पिसच्या सल्ला-लाइनला फोन करा.

महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. तिकडे डॉक्टरांची लेखी ऑर्डर अमलात आणायची सवय असते. ऑर्डर चुकली तर बोट डॉक्टरांकडे जातं. इथे सही तुमची, जबाबदारीही तुमची. ‘जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणाले म्हणून लिहिलं’ हे उत्तर चालत नाही.

थांबा: घरच्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी लिहू नका. मंडळाच्या गणपतीत काका बाजूला घेऊन ‘आईला जरा काहीतरी लिहून दे ना’ म्हणतात, तेव्हा नाही म्हणणं जड जातं. तरीही त्यांच्या जीपीचा नंबर द्या आणि तिथेच थांबा.

## २. घरी जाण्याआधीची तयारी

अर्धं काम इथे होतं, आणि हाच टप्पा लोक गाळतात. पेशंटच्या दारात उभं राहून मोबाइलवर रेकॉर्ड उघडायला गेलं की नेमकं नेटवर्क जातं.

हे आधी हाताशी हवं:

- गेल्या २४ तासांत प्रत्यक्षात घेतलेली औषधं. यादीत लिहिलेली वेगळी आणि घेतलेली वेगळी असतात. त्वचेवर चिकटवायचा औषधाचा पॅच आहे का, कुठल्या मात्रेचा, शेवटचा कधी बदलला.
- अ‍ॅलर्जी, आणि खरी अ‍ॅलर्जी की ‘कोडीनने मळमळलं होतं’ एवढंच.
- शेवटचा ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा) आणि त्याची तारीख. सहा महिन्यांपूर्वीचा आकडा आज उपयोगाचा नाही.
- पार्किन्सन्स, फिट्स, हृदय निकामी होणं, काचबिंदू.
- रिस्पेक्ट फॉर्म (तातडीच्या वेळी कुठले उपचार करायचे आणि कुठले नाहीत, याची नोंद) किंवा सीपीआर न करण्याचा निर्णय, आणि त्याची मूळ प्रत कुठे आहे. प्रत हॉस्पिटलच्या फाइलमध्ये असेल तर घरी आलेली अ‍ॅम्ब्युलन्स ती पाहू शकत नाही.
- घरात दारूचं, ड्रग्जचं व्यसन असलेलं कुणी आहे का. विचारायला अवघड प्रश्न आहे, पण अँप्युल किती ठेवायच्या हे त्यावर ठरतं.

## ३. भेट: आधी पेशंट, मग कागद

दर वेळी हा प्रश्न स्वतःला विचारा: हा माणूस खरंच शेवटाकडे चाललाय, की काहीतरी सुधारता येण्यासारखं आहे? कॅल्शियम वाढलंय, इन्फेक्शन आहे, लघवी तुंबलीय, बद्धकोष्ठ झालाय, ओपिऑइड (मॉर्फिनसारखं वेदनाशामक) जास्त झालंय. यातल्या प्रत्येकाने माणूस गुंगीत जाऊ शकतो किंवा अस्वस्थ होऊ शकतो. नाइस या उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शिकेतही (एनजी ३१) सुधारणेची चिन्हं शोधत राहा असं स्पष्ट आहे. माणूस सावरू शकतो, आणि सावरल्यावर लिहिलेली औषधं परत तपासावी लागतात.

मग बोलणं. पेशंट बोलू शकत असेल तर पेशंटशीच. आपल्या घरांमध्ये ‘आईला काही सांगू नका’ ही विनंती हमखास येते. ती झटकू नका, पण ‘आईंना काय काय माहीत आहे आणि त्यांना किती जाणून घ्यायचंय, ते मी त्यांनाच विचारते’ एवढं म्हणा. बहुतेक वेळा आईंना सगळं माहीत असतं.

दुभाषी हवा असेल तर व्यावसायिक दुभाषी मागा. बारावीतल्या नातवाच्या तोंडून ‘आजी आता जाणार आहे’ वदवून घेणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि मॉर्फिनविषयी त्याने काय भाषांतर केलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. तुम्हाला स्वतःला मराठी येत असेल तर उत्तमच. फक्त झालेलं बोलणं इंग्रजीत नोंदवा, नाहीतर रात्रीच्या नर्सला त्याचा पत्ता लागणार नाही.

घरच्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: औषधं आणून ठेवली म्हणजे ती आजच द्यायची असं नाही. कदाचित लागणारही नाहीत. आणि लागली तर कुणाला, कुठल्या नंबरवर फोन करायचा. ‘मॉर्फिन आणलं म्हणजे संपलं’ ही भीती मनात तशीच राहिली तर घरचे फोनच करत नाहीत, आणि माणूस वेदनेत पडून राहतो.

तपासा: घरातून निघण्याआधी फोन नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावलाय का?

## ४. औषधं निवडणं

चार लक्षणांसाठी चार औषधं, असा साचा बहुतेक ठिकाणी आहे. साचा वाईट नाही, पण प्रत्येकाला तोच जसाच्या तसा लिहायचा नाही. नाइसचं म्हणणंही हेच: त्या माणसाला काय होण्याची शक्यता आहे, ते बघून लिहा.

वेदना आणि धाप: मॉर्फिन, त्वचेखालून. आधी ओपिऑइड न घेतलेल्या प्रौढाला २.५ ते ५ मिलिग्रॅम. वयस्क, अंगाने अगदी खंगलेल्या माणसाला १ ते २.५ पासून. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात. हातपाय झटके देतात, भास होतात, गुंगी वाढते. तिथे दुसरं ओपिऑइड लागतं, बऱ्याचदा अल्फेंटानिल किंवा जपून दिलेलं ऑक्सिकोडोन. हा निर्णय एकट्याने घेऊ नका, पॅलिएटिव्ह टीमला विचारा.

अस्वस्थता: मिडाझोलाम २.५ ते ५ मिलिग्रॅम. देण्याआधी पोट चाचपा. तुंबलेल्या लघवीने तळमळणाऱ्या माणसाला कॅथेटर हवा असतो, मिडाझोलाम नव्हे. आणि अँप्युल १० मिलिग्रॅम / २ मिलिलिटरचीच लिहा. मिडाझोलाम १० मिलिग्रॅम / ५ मिलिलिटरच्या रूपातही मिळतं. तीच फार्मसीतून आली तर त्वचेखाली द्यायला पाणी जास्त होतं, आणि दोन शक्ती एकाच डब्यात आल्या की चुकीला वाट मिळते.

मळमळ, उलटी: लेव्होमेप्रोमाझिन ६.२५ मिलिग्रॅम किंवा हॅलोपेरिडॉल ०.५ ते १.५ मिलिग्रॅम. पार्किन्सन्स असेल तर ही दोन्ही नकोत आणि मेटोक्लोप्रमाइडही नको. सायक्लिझिन किंवा ऑन्डान्सेट्रॉनचा विचार होतो. नव्या प्रिस्क्रायबरच्या हातून सर्वांत जास्त निसटणारी चूक हीच, कारण सिस्टिमवरच्या तयार साच्यात हॅलोपेरिडॉल आधीच भरलेलं असतं.

घशातली घरघर: ग्लायकोपायरोनियम २०० मायक्रोग्रॅम किंवा हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिलिग्रॅम. ही औषधं नवा स्राव कमी करतात, आधीच साठलेला काढत नाहीत. म्हणून आधी कूस बदला. आणि घरच्यांना सांगा की आवाज ऐकणाऱ्याला जितका त्रास होतो, तितका बेशुद्ध पेशंटला होत नसावा.

‘हायोसिन’ एवढंच लिहून सोडू नका. ब्युटिलब्रोमाइड आणि हायड्रोब्रोमाइड ही वेगळी औषधं आहेत, डोसही वेगळे. हायड्रोब्रोमाइड मेंदूत जातं आणि गोंधळ वाढवू शकतं.

अचानक मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता असलेल्यांसाठी, उदाहरणार्थ मानेच्या कॅन्सरमध्ये, मिडाझोलाम १० मिलिग्रॅमचा संकटकालीन डोस वेगळा लिहितात. तो घरच्यांशी बोलून झाल्याशिवाय लिहू नका. आणि औषधाबरोबर गडद रंगाचे टॉवेल घरात ठेवायला सांगा. पांढऱ्या टॉवेलवरचं रक्त घरच्यांच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

## ५. हिशेब कागदावर मांडा

कॅल्क्युलेटर, कागद आणि शक्य असेल तर दुसरा माणूस. डोक्यात हिशेब नको.

एक उदाहरण घेऊ. पेशंट दीर्घकाळ काम करणारं मॉर्फिन ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतोय, म्हणजे ६०. गेल्या २४ तासांत वेदनेसाठी तोंडाने १० मिलिग्रॅमचे तीन जादा डोस घेतले. एकूण ९०. तोंडातून त्वचेखाली जाताना मॉर्फिन निम्मं होतं: २४ तासांच्या पंपात (सिरिंजमधलं औषध त्वचेखाली हळूहळू सोडणारं छोटं यंत्र) ४५ मिलिग्रॅम. अधूनमधून द्यायचा डोस २४ तासांच्या एकूण डोसच्या सहाव्या ते दहाव्या भागाइतका. सहावा भाग धरला तर ७.५ मिलिग्रॅम.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला: जादा डोस कशासाठी घेतले ते न विचारता बेरीज करणं. अंघोळीआधी किंवा ड्रेसिंगआधी घेतलेला डोस हलण्याच्या वेदनेसाठी असतो. तो पंपात घातला तर दिवसभर गरजेपेक्षा जास्त मॉर्फिन जातं.

दुसरा: पॅच विसरणं. फेंटानिल २५ मायक्रोग्रॅम प्रति तासाचा पॅच म्हणजे तोंडाने घेतलेल्या साधारण ६० मिलिग्रॅम मॉर्फिनइतका. शेवटच्या दिवसांत पॅच सहसा काढत नाहीत. तो तसाच ठेवून, ७२ तासांनी बदलत राहून, वरची गरज पंपातून भागवतात. पण अधूनमधूनचा डोस ठरवताना पॅच आणि पंप दोन्ही धरावे लागतात. या पॅचवरच्या माणसाला २.५ मिलिग्रॅम मॉर्फिन लिहिलं तर ते पुरणार नाही. त्याला ५ लागेल.

थांबा: ओपिऑइडचा डोस आधीच्या डोसच्या दीडपटीहून वर जात असेल तर पेन खाली ठेवा आणि कुणालातरी हिशेब दाखवा. कदाचित वाढ योग्यच असेल. कदाचित दशांशचिन्ह सरकलं असेल.

## ६. लिहिणं: प्रिस्क्रिप्शन आणि चार्ट, दोन्ही

एफपी१०, म्हणजे प्रिस्क्रिप्शनचा फॉर्म, हा फार्मसीसाठी. चार्ट हा घरी येऊन इंजेक्शन देणाऱ्या नर्ससाठी. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग याच गैरसमजातून घडतो.

एफपी१० वर शेड्यूल २ आणि ३ च्या औषधांसाठी, म्हणजे मॉर्फिन आणि मिडाझोलाम दोन्हींसाठी, हे लागतंच: पेशंटचं नाव आणि पत्ता, औषधाचं रूप (इंजेक्शन), शक्ती, डोस, एकूण मात्रा आकड्यांत आणि अक्षरांत, सही, तारीख. चेकवरच्या रकमेसारखंच: १०, आणि पुढे अक्षरांत दहा. मात्रा दोन्हीपैकी एकाच प्रकारे लिहिली असेल तर फार्मासिस्ट ती दुरुस्त करू शकतो. ‘इंजेक्शन’ हा शब्द राहिला तर मात्र प्रिस्क्रिप्शन परत येतं, आणि तोवर फार्मसी बंद झालेली असते. प्रिस्क्रिप्शन २८ दिवस चालतं. नुसतं ‘सांगितल्याप्रमाणे’ हा डोस होत नाही.

आता चार्ट. तो अशा नर्सला डोळ्यांसमोर ठेवून लिहा, जिने हा पेशंट कधीच पाहिलेला नाही, जी रात्री दोनला आलीय आणि तुम्हाला फोन करू शकत नाही. प्रत्येक ओळीत: औषध, डोस, मार्ग, कशासाठी, दोन डोसमध्ये कमीत कमी किती वेळ, आणि किती डोसनंतर थांबून सल्ला घ्यायचा. उदाहरणार्थ:

मॉर्फिन सल्फेट, २.५ ते ५ मिलिग्रॅम, त्वचेखालून, वेदना किंवा धाप असल्यास, दोन डोसमध्ये किमान १ तास; २४ तासांत ४ डोस लागले तर पॅलिएटिव्ह टीमला किंवा आउट ऑफ अवर्स डॉक्टरांना फोन.

मायक्रोग्रॅम पूर्ण लिहा, संक्षेप नको. पूर्णांकापुढे ‘.०’ नको; ५.० चे ५० वाचले जातात.

डोसची कक्षा अरुंद ठेवा. गॉस्पोर्ट वॉर मेमोरियल हॉस्पिटलच्या चौकशीचा अहवाल २०१८ मध्ये आला. वैद्यकीय कारण नसताना दिलेल्या ओपिऑइडमुळे ४५० हून अधिक पेशंटचं आयुष्य कमी झालं, असा निष्कर्ष त्यात आहे. तिथल्या चार्टवर डायमॉर्फिन २० ते २०० मिलिग्रॅम अशा कक्षा आगाऊ लिहून ठेवलेल्या होत्या. दहापट कक्षा लिहिली की खरा निर्णय देणाऱ्याच्या अंगावर पडतो आणि सही करणारा हात झटकून मोकळा होतो.

पंपही ‘लागला तर’ म्हणून आगाऊ लिहायचा की नाही, यावर ट्रस्टांची धोरणं वेगवेगळी आहेत. माझं मत विरोधात आहे. अधूनमधूनचे डोस आगाऊ लिहा, पंप मात्र पेशंट पाहून त्या दिवशी लिहा. दूरच्या खेड्यात, जिथे रात्री प्रिस्क्रायबर येणं शक्यच नाही, तिथे मी अपवाद मान्य करते.

तपासा: चार्टवर पाण्याच्या अँप्युल लिहिल्यात का? इंजेक्शननंतर कॅन्युला फ्लश करायला आणि पंप भरायला पाणी लागतं.

## ७. औषध घरात येईपर्यंत काम संपत नाही

प्रिस्क्रिप्शन पाठवण्याआधी फार्मसीला फोन करा. कोपऱ्यावरच्या दुकानात लेव्होमेप्रोमाझिन इंजेक्शन सहसा नसतं. बहुतेक भागांत पॅलिएटिव्ह औषधं ठेवणाऱ्या ठरावीक फार्मसी असतात. त्यांची यादी आणि बंद होण्याच्या वेळा जवळ ठेवा. शुक्रवारी दुपारनंतर आणि बँक हॉलिडेच्या आदल्या दिवशी हे काम सकाळीच उरकायचं.

औषधं आल्यावर कुणीतरी घरी जाऊन मोजायची: शक्ती बरोबर, संख्या बरोबर, तारीख बरोबर. साठ्याचा आकडा चार्टमध्ये लिहायचा. सुया, सिरिंज आणि शार्प्स बिन सोबत हव्यात. मुलांच्या हाती लागणार नाही अशी जागा घरच्यांसोबत ठरवा. देवघराखालचं कपाट सोयीचं वाटतं, पण ते दिवसातून दोनदा उघडतं.

तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच द्यायचं, हे शक्य तितकं टाळा. टाळता येत नसेल तर दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्या.

## ८. देताना आणि पंप लावताना

आगाऊ लिहिलेलं औषध देण्याआधीही पेशंटला नव्याने बघायचं. चार्टवर आहे म्हणून द्यायचं, असं नाही.

पंप सुरू केल्यावर पूर्ण परिणाम यायला काही तास जातात. म्हणून माणूस त्या क्षणी त्रासात असेल तर पंपासोबत एक डोस लगेच द्या. ‘पंप लावलाय, आता बरं वाटेल’ म्हणून निघून गेलात तर पुढचे चार तास घरच्यांचे हालात जातात.

सायक्लिझिन असेल तर पंपात सलाइन नको, पाणी घ्या. सलाइनमध्ये खडे धरू शकतात. सायक्लिझिन आणि हायोसिन ब्युटिलब्रोमाइड एकत्र घालू नका. औषधं एकत्र केल्यावर सिरिंज उजेडात धरून बघा: गढूळ दिसली तर फेकून द्या. लेव्होमेप्रोमाझिन उन्हात जांभळट होतं, म्हणून पंप खिडकीच्या कठड्यावर ठेवू नका, पांघरुणाखाली ठेवा.

प्रत्येक भेटीत सुईची जागा, किती उरलंय, दिवा लुकलुकतोय का, आणि गेल्या २४ तासांत किती जादा डोस लागले, हे बघा. आढावा रोज घ्यायचा. जादा डोस वाढत असतील तर पंप बदला. पेशंट सावध होऊन चहा मागायला लागला तर तेही बघा. औषध कमी करावं लागेल.

शेवटच्या तासांत तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायची घरच्यांची इच्छा असते. अडवू नका. गिळता येत नसलेल्या माणसाला चमच्याने पाणी पाजलं तर ठसका लागतो, एवढं सांगा. बोटाने ओठांवर थेंब लावला, तुळशीचं पान ओठांवर टेकवलं तर चालतं.

## ९. मृत्यूनंतर

प्रशिक्षण घेतलेली नर्स मृत्यूची खात्री करू शकते. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र मात्र डॉक्टरच लिहितात. ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, कोरोनरकडे (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) न जाणाऱ्या प्रत्येक मृत्यूची कागदपत्रं मेडिकल एक्झामिनरकडून, म्हणजे त्या पेशंटवर उपचार न केलेल्या वेगळ्या डॉक्टरकडून, तपासली जातात. ‘आजच अंत्यसंस्कार करायचे’ अशी अपेक्षा असलेल्या घरांना ही गोष्ट आधीच सांगा, आणि घाईची विनंती जीपीकडे आधीच नोंदवून ठेवा.

पंप बंद करताना वेळ आणि उरलेलं औषध किती, हे लिहा. अँप्युल घरच्यांसमोर मोजा आणि चार्टमधल्या शेवटच्या आकड्याशी जुळवा. जुळत नसेल तर त्याच दिवशी कळवा. उरलेली औषधं घरच्यांनी फार्मसीत परत द्यायची. दुसऱ्या पेशंटसाठी ती कधीच वापरायची नाहीत, पाकीट न फोडलेलं असलं तरीही. पॅच अंगावर असेल तर काढून, चिकट बाजू आत दुमडून शार्प्स बिनमध्ये टाका. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाला धोका होईल इतकं औषध उरलेलं असतं.